टेलरबाईंची निग्रोनी

गल्लीत त्यांना सगळे टेलरबाई म्हणत. नवे कपडे त्या शिवत नसत. जुने कपडे उसवायचे, कुठे आत घ्यायचे, कुठे बाहेर सोडायचे आणि ज्याच्या त्याच्या अंगाला बसवून द्यायचे, हा त्यांचा धंदा. अंगाने सुटलेल्या बायका, आजारपणात वाळलेले म्हातारे, मोठ्या भावाचा कोट घालून मुलाखतीला निघालेले धाकटे, असे सगळे त्यांच्या पुढच्या खोलीतल्या मशीनसमोर उभे राहून गेलेले. टेलरबाईंचं खरं कसब शिवण्यात नव्हतं, उसवण्यात होतं. टाका असा काढायचा की कापडाला कळू नये.

नवरा वजनमाप खात्यात निरीक्षक. दुकानादुकानांतून फिरून तराजू तपासायचे, खरी वजनं शिक्का मारून द्यायची, खोटी उचलून न्यायची. मित्र त्याला काटा म्हणत. तराजूचा काटा, असं समजून तो खूश व्हायचा. टेलरबाईंनी त्या शब्दाचा दुसरा अर्थ कधी बोलून दाखवला नाही.

काट्याला जगात एकच शौक होता. शनिवारी संध्याकाळी घरी तीन माणसं बोलवायची आणि त्यांना निग्रोनी पाजायची. माणसंही ठरलेली. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, त्यांची बायको, आणि काट्याचा धाकटा भाऊ. हा भाऊ रंगांच्या दुकानात विक्रेता होता आणि लग्नाच्या भानगडीत पडला नव्हता.

माणसं बसली की काटा उभा राहायचा. समोर टेबलावर तीन बाटल्या.

"जिन. ही लाल, कडू कंपारी. आणि ही गोड व्हर्मूथ, म्हणजे पाला-मुळ्या मुरवलेली वाइन," तो सांगायचा. "तिन्ही सारख्या मापाच्या. थेंब इकडे नाही, थेंब तिकडे नाही. ग्लासात बर्फ, बर्फावर तिन्ही, आणि लांब दांड्याच्या चमच्याने हलक्या हाताने ढवळायचं. घुसळायचं नाही. खोकल्याचं औषध नाहीये ते, बाटली हलवून प्यायला."

मग इतिहास. तोही दर शनिवारी तोच, त्याच शब्दांत.

"इटलीतलं फ्लोरेन्स शहर. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. तिथे लोक अमेरिकानो प्यायचे. कंपारी, व्हर्मूथ आणि वरून सोडा, लिंबाची फोड. एक काउंट होता, काउंट म्हणजे सरदार. त्याला ते पाणचट लागायला लागलं. तो अड्ड्यावरच्या माणसाला म्हणाला, सोडा काढ आणि जिन घाल. त्या माणसाने घातली. हा ग्लास बाकीच्यांत वेगळा ओळखू यावा म्हणून लिंबू काढून संत्र्याची फोड लावली. त्या सरदाराचं नाव निग्रोनी. काही दीडशहाणे म्हणतात, गोष्ट बनावट आहे. म्हणू देत. तुम्ही प्या."

ढवळायचा तेवढा तो. बाकी सगळं टेलरबाईंचं. पाणी दोनदा उकळून गार करून बर्फ लावायचा, म्हणजे तो काचेसारखा होतो असं त्याचं म्हणणं. ग्लास घासून-पुसून उजेडात धरून बघायचे. संत्र्याची फोड अशी कापायची की बी नको, साल फाटायला नको. आणि हे करून दाराशी उभं राहायचं, काही लागलं तर.

एकदा बाजारात संत्री मिळाली नाहीत. टेलरबाईंनी भीतभीत लिंबू कापून ठेवलं. काट्याने ग्लास हातात घेतला, वास घेतला आणि सगळ्यांसमोर मोरीत ओतून आला.

"ये अशी पुढे," तो बायकोला म्हणाला. "लिंबू कशात असतं?"

"अहो, संत्री नव्हतीच कुठे."

"ते नाही विचारलं. लिंबू कशात असतं?"

"अमेरिकानोत."

"आणि संत्रं?"

"निग्रोनीत."

"कुणी लावलं? का लावलं? कुठल्या शहरात? सांग ना. इतकी वर्षं दाराला टेकून ऐकतेयस."

टेलरबाईंनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. शाळेतल्या पोरीसारख्या दोन्ही हात बाजूला सोडून त्या उभ्या राहिल्या आणि सांगू लागल्या. मध्येच शहराचं नाव अडलं. डॉक्टरांची बायको खाली बघून हसू दाबत होती. काटा पाहुण्यांकडे वळला आणि म्हणाला, "अक्कल नाही हो. माणसाला सगळं शिकवता येतं, अक्कल नाही शिकवता येत." ते वाक्य त्याचं ठेवणीतलं. भाजी खारट झाली तरी तेच, टीव्हीचा रिमोट सापडला नाही तरी तेच.

त्याहून वाईट एक शनिवार होता. टेलरबाई त्या दिवशी दुपारी आपल्या आईला पोचवून घरी आल्या होत्या. त्यांना वाटलं, आज कुणी येणार नाही. संध्याकाळी दार वाजलं. काटा म्हणाला, "आलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं? आणि तुझी आई काय, शनिवार बघून गेली का?" त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि संत्री कापली. पाहुण्यांसमोर काट्याने बर्फाचा तुकडा चिमट्यात धरून दिव्यापुढे नेला आणि म्हणाला, "ढगाळ आहे. पाणी एकदाच उकळलंस." दिराने त्या वेळी वहिनीकडे बघितलं. मग आपला ग्लास उचलला. त्यालाही या घरात बोलायची सोय नव्हती. रंगाच्या दुकानातली नोकरी ही नोकरीच नव्हे, हे तो थोरल्याच्या तोंडून दर शनिवारी ऐकून जात असे.

टेलरबाईंना एक मुलगी. ती शिकली, नोकरी लागली तशी दुसऱ्या शहरात खोली घेऊन राहिली आणि घरी येणं तिने फोनवर भागवलं.

काटा एका धान्याच्या दुकानात वजनं तपासताना पडला. पितळी वजन हातातून सुटलं, म्हणून दुकानदाराला वाटलं साहेब चिडले. साहेब मग स्वतःच पोत्यावर कलले. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. उजवा हात, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. तोंडातून मात्र एकच शब्द निघायचा. "तेच." पाणी हवं असलं तरी तेच, राग आला तरी तेच. गिळायलाही नीट यायचं नाही. पाण्यात पावडर कालवून ते घट्ट करून चमच्याने पाजावं लागे.

टेलरबाईंनी केलं सगळं. अंग पुसणं, कूस बदलणं, चादरी. मशीनचं काम अर्ध्यावर आणलं. गल्लीतले म्हणत, "बाई सोन्याची आहे." मन मारून त्या करत होत्या असंही नाही. इतकी वर्षं त्या याच माणसाचं करत आल्या होत्या. आता तो ओरडत नव्हता, एवढाच फरक.

काही महिन्यांनी दीर म्हणाला, "वहिनी, शनिवार परत सुरू करू या का? दादाला जरा बरं वाटेल. बाटल्या पडूनच आहेत."

"बनवणार कोण, भाऊजी?"

"तुम्ही. तुम्हाला काय येत नाही त्यातलं?"

शनिवारी सगळे जमले. काट्याला उशा लावून खुर्चीत बसवला. टेलरबाई पहिल्यांदाच टेबलाच्या त्या बाजूला उभ्या राहिल्या. माप चुकलं नाही. ग्लास दिले तेव्हा डॉक्टर गमतीने म्हणाले, "आणि इतिहास? इतिहासाशिवाय कशी उतरणार घशाखाली?"

टेलरबाई सांगायला लागल्या आणि घाबरण्याच्या भरात म्हणून गेल्या, "पॅरिसला एक सरदार होता."

खुर्चीतून आवाज आला. "तेच! तेच!" काट्याचं तोंड लाल झालं होतं. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटत होता.

"बघा, आठवलं त्यांना!" डॉक्टरांची बायको म्हणाली. "किती खूश झालेत!"

टेलरबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. खूश म्हणजे काय आणि हे काय, ते त्यांच्याशिवाय कुणाला कळणार? शहर चुकलं होतं, आणि ते दुरुस्त करायला जीभ वळत नव्हती. चूक त्यांना कळली. सुधारावी, असंही वाटून गेलं. पण त्या पुढे म्हणाल्या, "हां, तर पॅरिसला." आणि या वेळी आवाज थरथरला नाही.

पुढच्या शनिवारी त्यांनी लिंबू कापलं. टोपलीत संत्री होती. फोड ग्लासाला लावताना त्या काट्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, नीट दिसावी म्हणून. त्याच्या पुढच्या शनिवारी जिनच्या जागी व्होडका घातली आणि सगळं एका बाटलीत भरून दोन्ही हातांनी खडाखडा घुसळलं. काट्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. टेलरबाईंनी पदर घेऊन ते हळूच टिपलं. "भरून येतं हो त्यांना," त्या पाहुण्यांना म्हणाल्या.

दिराला कळायला वेळ लागला नाही. एका शनिवारी तो गंभीर चेहरा करून म्हणाला, "वहिनी, मी तर ऐकलंय तो सरदार नव्हताच. न्हावी होता."

"हो का? असेल बाई," टेलरबाई म्हणाल्या. "मला काय, अक्कल नाही मला."

डॉक्टर खो खो हसले. खोटं कुठलं आणि खरं कुठलं, हे डॉक्टरांना पाठ होतं. त्यांच्या बायकोलाही. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, पण खेळ सगळ्यांना समजला. शनिवारची मजा वाढली. कोण म्हणे सरदाराने ती आजारी घोड्याला पाजली, कोण म्हणे त्यात दूध घालायची रीत आहे. प्रत्येक वेळी खुर्चीतून "तेच, तेच" आणि दांड्यावर हात. इतक्या वर्षांत त्या खोलीत असं हसणं झालं नव्हतं. टेलरबाईंच्या गालांवर रंग आला. आठवडाभर उसवता-उसवता त्या मनात चुका जुळवायच्या. चांगली सुचली की मशीन थांबवून एकट्याच हसायच्या.

मुलगी अशाच एका शनिवारी अचानक आली. दारात उभी राहून तिने सगळं बघितलं. मग आईच्या मागून स्वयंपाकघरात गेली.

"आई, तू मुद्दाम करतेयस."

"काय मुद्दाम?"

"बाबा रडतायत तिकडे."

"त्यांना भरून येतं."

"मला नको सांगूस. मी या घरात वाढलेय." मुलीचा आवाज चिरकला. "ते आता बोलू शकत नाहीत म्हणून हे? इतकी कशी झालीस तू?"

टेलरबाई लिंबू कापत होत्या. सुरी थांबली नाही. "त्यांना बोलता येत होतं तेव्हा कुठे होतीस गं तू?" त्या म्हणाल्या. "ग्लास ने बाहेर. काका थांबलेत."

मुलगी ग्लास तिथेच ठेवून निघून गेली.

वाचा परत यावी म्हणून एक तरुण बाई घरी यायची. चित्रं दाखवायची, गाणी म्हणून घ्यायची, ओठ कसे हलवायचे ते शिकवायची. पहिले काही महिने तिच्या हाती काही लागलं नाही. मग एका सोमवारी ती लगबगीने स्वयंपाकघरात आली.

"काकू! काका आज बोलले. संत्रं म्हणाले. स्पष्ट! मी केळं दाखवत होते, तर संत्रं म्हणाले."

टेलरबाई पीठ मळत होत्या.

"मी त्यांना विचारत गेले. शनिवारी तुम्ही सगळे जमता ना? तिथे काय करता?"

"काही नाही. गप्पा."

"तुम्ही काही चुकीचं सांगता का त्यांच्यासमोर? कारण ते ना, दुरुस्त करायला धडपडतायत. फ्लो, फ्लो करत होते. काकू, हे सोडू नका. काही माणसांची जीभ प्रेमाने सुटत नाही, रागाने सुटते. तुम्हाला कळत नसेल पण तुम्ही त्यांना बरं करताय." बोलता बोलता तिने टेलरबाईंना पिठाच्या हातांसकट मिठीच मारली.

टेलरबाईंनी त्या दिवशी कणीक इतकी मळली की ती चिवट झाली.

आणि खरंच, वाचा येत गेली. फ्लोरेन्स आलं. सोडा आला. "नाही" आलं. एका शनिवारी दीर न्हाव्याची गोष्ट लावत असताना काटा सावकाश, एकेक अक्षर ओढत म्हणाला, "स-र-दार." दिराचा चेहरा पडला. पाहुणे टाळ्या वाजवायला विसरले आणि नंतर उगाच जोरात वाजवल्या.

त्याच आठवड्यात एका सकाळी टेलरबाई नवऱ्याला चमच्याने पेज भरवत होत्या. पेज गरम होती. त्याने मान वळवली, गिळलं, त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि ओठ जुळवायला लागला. टेलरबाई चमचा हवेत धरून थांबल्या. काय हवंय, असं विचारावं, की नुसतं थांबावं? त्याला खूप कष्ट पडत होते, मानेची शीर ताठ झाली होती.

"अक्कल," तो म्हणाला. मग श्वास घेतला. "नाही."

त्या आजारानंतरचं त्याचं ते पहिलं वाक्य.

टेलरबाईंनी पेज फुंकून गार केली आणि उरलेली सगळी भरवली. तोंड पुसलं. मग पुढच्या खोलीत जाऊन मशीनवर बसल्या. एक कोट उसवायला घेतला होता, तो मांडीवर घेऊन नुसत्याच बसून राहिल्या. हा माणूस परत येतोय, हे त्यांना दिसत होतं. थोडाथोडा येतोय, आणि जसा गेला होता तसाच येतोय. आणि आणणाऱ्या आपणच.

शनिवारी त्यांनी पाणी दोनदा उकळलं. बर्फ काचेसारखा झाला. संत्र्याच्या फोडीत एक बी नव्हती. जिन, कंपारी, व्हर्मूथ, तिन्ही डोळ्यांसमोर धरून मापली. लांब चमच्याने हलक्या हाताने ढवळली. मग टेबलाशी उभं राहून, काटा सांगायचा तसा, त्याच शब्दांत, त्याच जागी थांबत त्यांनी इतिहास सांगितला. फ्लोरेन्स. महायुद्ध. अमेरिकानो पाणचट लागलं. सोडा काढ, जिन घाल. लिंबाच्या जागी संत्रं.

काटा खुर्चीत पुढे झुकून ऐकत होता. डावा हात उचललेला, तोंड अर्धं उघडं. चूक आली की पकडायची म्हणून तो टपलेला होता. फ्लोरेन्स झालं, हात वरच. संत्रं झालं, हात वरच. "काही दीडशहाणे म्हणतात गोष्ट बनावट आहे. म्हणू देत. तुम्ही प्या," टेलरबाई म्हणाल्या आणि गोड हसल्या. हात हळूहळू खाली आला.

"वहिनी, आज काही मजा नाही आली," जाताना दीर हळूच म्हणाला.

"असू दे, भाऊजी. त्यांना आवडतं तसं करू या. किती दिवस राहिलेत त्यांचे."

पुढच्या शनिवारीही सगळं बरोबर. त्याच्या पुढच्याही. डॉक्टरांना कामं निघायला लागली. दीर एकदा आला, एकदा नाही, मग येईनासा झाला. टेलरबाईंनी शनिवार मोडला नाही. नवऱ्यासमोर एकट्या उभ्या राहून ग्लास बनवायच्या, न चुकता इतिहास सांगायच्या, आणि खिडकीशी बसून तो ग्लास स्वतःच घोट घोट संपवायच्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ते कडू आवडायला लागलं होतं.

शनिवारच नव्हे, एरवीही त्या चुकेनाशा झाल्या. पेज गार, मीठ बेताचं, उशी बरोबर मानेखाली. त्याने कशाकडे बोट करायच्या आत ती वस्तू हातात. त्याने ओठ जुळवायला घेतले की त्या मधाळ आवाजात म्हणायच्या, "हो हो, तुमचंच बरोबर." मग ओठ मिटायचे. दुरुस्त करायला घरात काही उरलंच नाही.

वाचा शिकवणारी बाई वैतागली. "काकू, मागे पडतायत ते. संत्रंसुद्धा म्हणत नाहीत आता. शनिवारचं अजून करता ना?"

"करते ना. अगदी त्यांच्यासारखं करते. काडीची चूक नाही."

"अहो, चूकच तर..." ती बोलता बोलता थांबली. समोर स्वच्छ पांढऱ्या चादरीत, नखं कापलेला, केस विंचरलेला म्हातारा बसला होता. अशा बाईला काय म्हणायचं? काही आठवड्यांनी तिचं येणं बंद झालं.

मुलगी पुन्हा आली तेव्हा बापाच्या तोंडून "तेच"ही क्वचित निघत होतं. वाचा शिकवणाऱ्या बाईकडून तिला फोनवर सगळं कळलं होतं. शनिवार होता. आई टेबलाशी उभी होती. मुलगी बापाच्या पायाशी स्टूल घेऊन बसली, त्याचा डावा हात हातात घेतला आणि मोठ्याने म्हणाली, "बाबा, ही निग्रोनी फ्रान्सची ना?"

काट्याने तिच्याकडे बघितलं. किती तरी दिवसांनी त्याची मान ताठ झाली. खालचा ओठ वरच्या दातांखाली जायला लागला, 'फ'साठी जातो तसा. मुलीने हात घट्ट धरला. "सांगा बाबा. कुठली? सांगा."

"इटलीची गं," टेलरबाई टेबलाजवळून म्हणाल्या. आवाजात मायाच माया. "फ्लोरेन्सची. बाबांनी इतक्या वेळा सांगितलंय आपल्याला. हो ना, अहो?"

ओठ सुटला. काटा भिंतीकडे बघायला लागला.

मुलीने आईकडे मान वर करून बघितलं. टेलरबाई ग्लासाच्या कडेला संत्र्याची फोड बसवत होत्या. त्यांनी ती जरा फिरवली, सरळ केली आणि ग्लास मुलीपुढे धरला.

"घे. आधी वास घे, मग घोट."

मुलीने ग्लास घेतला. पुढे काट्याला आणखी दोन हिवाळे मिळाले. पडून राहून होते तशी एकही जखम अंगावर झाली नाही. इतक्या निगुतीने ठेवलेला रुग्ण आपण पाहिला नाही, असं तपासायला येणारे डॉक्टर सांगत. तो गेल्यावर टेलरबाईंनी त्याची खोली रंगवून घेतली. रंगाचा डबा दिराने आपल्या दुकानातून आणून दिला. खोलीत त्यांनी दुसरं मशीन बसवलं आणि हाताखाली एक मुलगी ठेवली. ती मुलगी धांदरट होती, रोज काही ना काही चुकवायची. टेलरबाई तिला कधी रागावल्या नाहीत. टाका कसा उसवायचा, ते तिच्या शेजारी बसून पुन्हा पुन्हा दाखवत राहिल्या.